अंगणातली दोन झाकणं

२ एप्रिल, बुधवार

बाथरूमचं पाणी आजही जाईना. तोटी बंद केली तरी डबकं तसंच. संडासात बादली ओतली की आतून डुबडुब आवाज. आबांना म्हटलं, टाकी भरली वाटतं. तर म्हणे, "माझी टाकी अशी भरत नसती." स्वतःच्या हातानं बांधलेली ना. सासरे नंतर, गवंडी मिस्त्री आधी. अठ्ठ्याहत्तरी आली तरी.

शेवटची कधी उपसली? मी म्हणते पाच वर्षं झाली, आबा म्हणतात दोन. दोघांकडंही पुरावा नाही.

नळाचा वार हुकला. हौदात वीतभर पाणी. उद्या दुपारचा टँकर सांगितला. मी ड्युटीवर असणार. आबा म्हणाले, "म्या हाय की घरी." बरं झालं. रोज चितेगावच्या पुढं स्कूटी मारायची, दिवसभर उपकेंद्रात लसी आणि रक्तदाब, वर टँकरवाल्याला फोन लावत बसायचं. एक तरी काम अंगावेगळं झालं.

३ एप्रिल, गुरुवार

काय लिहू.

साडेपाचला आले तर गेटापासून रस्त्यापर्यंत ओल. वाटलं हौद भरून वाहिला. म्हटलं चला, आज अंघोळ पोटभर. गाडी लावेपर्यंत वास आला.

अंगणात दोन झाकणं. एक पाण्याच्या हौदाचं, दुसरं संडासाच्या टाकीचं. मध्ये चार हात अंतर. आबांनी दोन्ही एकाच साच्यात ओतलेली, कड्यासुद्धा सारख्या. लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणतेय, एकाला रंग द्या. "मला कळतंय की कोणतं कुठलं."

टँकरचं पाणी संडासाच्या टाकीत गेलं. गोडं पाणी. आख्खी कॉलनी एकेका हंड्यासाठी फोन लावतेय आणि आम्ही टँकर संडासाला पाजला. आधीच भरलेली टाकी, ती उलटी फिरली. अंगणात, बाथरूममध्ये, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत.

मोटर लावली, कोरडी घरघरली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

टँकरवाल्याला फोन केला. "ताई, बाबांनीच झाकण दाखवलं. म्या इचारलं बी, ह्येच का? म्हणले ह्येच. वास आला मला, पण मोठं माणूस सांगतंय, आपण काय बोलावं? मग पाणी बाहेर यायला लागलं, म्हटलं हौद भरला, म्या बंद केलं आन् गेलो."

आबांना विचारलं. "त्यानं सोताच झाकण उघडलं. म्या आत व्हतो." टीव्हीकडं बघत म्हणाले. टीव्ही बंद होता.

४ एप्रिल, शुक्रवार

पहाटे चारला उठून घर धुतलं. शेजारच्या रिझवाना भाभींनी त्यांच्या बोअरचं पाणी पाइपानं भिंतीवरून दिलं. फिनेल ओतायला गेले तर मागून आबा, "टाकीकडं फिनेल जाऊ देऊ नको, आतले किडे मरत्यात. त्येच तर काम करत्यात." डोक्यात तिडीक गेली. गुडघ्यावर बसून घाण मी काढतेय आणि काळजी कुणाची तर किड्यांची. बोलले, "आबा, किड्यांना तरी विचारून झाकण दाखवायचं होतं." बोलायला नको होतं. आबा आत जाऊन बसले.

भाभी म्हणाल्या, बाथरूम हमारा वापरो, शरमाना नक्को. देवमाणूस.

संध्याकाळी नवऱ्याचा, मिलिंदचा, पुण्याहून फोन. सगळं सांगितलं. त्याचं उत्तर तयारच. आबांनीच दाखवलं असणार, परवा मलाच फोनवर दोनदा विचारलं की तू कुठं असतोस. आता त्यांना एकटं ठेवणं बरोबर नाही. एक तर तू नोकरी सोड, नाही तर घर विकू आणि सगळे पुण्याला. "इथं ड्रेनेज लाइन आहे, टाकीची भानगडच नाही."

माझी नोकरीची सात वर्षं राहिलीत. पेन्शनसाठी नाही, माणसात राहण्यासाठी म्हणतेय मी. आणि आबांना मागं पंधरा दिवस पुण्याच्या फ्लॅटवर नेलं होतं, चौथ्या मजल्यावर. दिवसभर लिफ्टसमोर स्टूल टाकून बसायचे, कोण येतं कोण जातं बघत. सोळाव्या दिवशी पिशवी भरून दारात उभे.

मी मि.ला म्हटलं, टँकरवाल्याचीही चूक असू शकते. म्हणाला, "तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं ते मलाच माहीत नाही.

५ एप्रिल, शनिवार

दुसरा टँकर. अर्धी रजा टाकून स्वतः उभी राहिले. हौदात पाणी. जुनं कुंकवाचं तबक उलटं करून हौदाच्या झाकणावर ठेवलं, खूण म्हणून. आबांनी ते उचलून आत आणून ठेवलं.

मैला उपसायच्या गाडीचा नंबर भाभींच्या मिस्टरांनी दिला. जाधव म्हणून आहेत. सोमवारी येतो म्हणाले. "झाकण आदल्या दिवशी उघडून ठेवा." आबा कानाला हात लावून ऐकत होते, मान हलवली. तेच सांगणार होते म्हणे. वारं लागू द्यायचं, वर तोंड काढून बघायचं नाही.

ह्या गोष्टी बरोबर आठवतात.

६ एप्रिल, रविवार

भाभींनी बाजूला घेतलं. "वंदना, अब्बा दो दिन से हमारे यहाँ आये इच नहीं. और पानी पी रहे क्या, देखो जरा."

बघितलं. सकाळचा तांब्या संध्याकाळी तेवढाच. चहा नको, डाळ नको, कोरडी भाकरी चटणीशी. ओठ पांढरे. रक्तदाब घेतला, खाली. मी रोज गावातल्या म्हाताऱ्यांना सांगते पाणी प्या, पाणी प्या. आणि घरातला म्हातारा शेजारच्या संडासात जावं लागू नये म्हणून तहानेला बसलाय, मला पत्ता नाही.

खूप ओरडले. रडायलाही आलं. मग ताकात मीठ-साखर घालून समोर बसून पाजलं. "लोकाच्या घरी कशाला जायाचं," एवढंच म्हणत होते. शेवटी भाभींचे मिस्टर आले आणि हात धरून घेऊन गेले. म्हणाले, "चाचा, ये घर की नींव तुम डाले ना? फिर लोगाँ का कैसे हुआ?" खरंच, त्यांचा पाया आबांनीच भरलेला.

७ एप्रिल, सोमवार

रजा. गाडी अकराला आली. जाधव आणि त्यांचा जोडीदार लक्ष्मण, चाळिशीचा, अंगानं किरकोळ. जाड पाइप टाकला, मशीन सुरू. अर्ध्या तासात पाणी गेलं. गाळ मात्र जेमतेम घमेलंभर.

जाधव काठी घालून बघत म्हणाले, "ताई, टाकीत कप्पे असत्यात, हा शेवटला खाना. गाळ पहिल्या खान्यात असतो, संडासाच्या बाजूला. तुम्ही दर टायमाला इथूनच उपसलं असंल. म्हंजी पहिला खाना लई वरसांचा तुंबलाय. त्याचं झाकण कुठंय?"

त्याचं झाकण पोर्चच्या फरशीखाली. सात वर्षांपूर्वी मि.नं गाडी घेतली तेव्हा अंगणाच्या त्या बाजूला फरशी घातली. आबा तेव्हा मयतीला वैजापूरला गेले होते. परत येऊन बघतात तर झाकण गायब. चार दिवस मि.शी बोलले नाहीत. आम्ही म्हटलं, पाहू नंतर. ते नंतर आज आलं.

मि.ला फोन. "मी कुठं माप घेतलं होतं? फरशीवाल्यांनी घातली."

आबांना विचारलं. झटकन म्हणाले, "निंबापासनं सात पावलं, संडासाच्या भिताडाकडं."

आमच्याकडं कडुलिंब नाही. मी आल्यापासून कधी नव्हता. जाधवांनी माझ्याकडं बघितलं. फोन चालूच होता, मि. म्हणाला, "ऐकलंस? कसला लिंब?"

तरी आबा उठले. कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावली आणि सात पावलं चालले, एक एक मोजत. "हितं." लक्ष्मणनं पहार घातली. फरशी फुटली. खाली मुरूम. हातभर खाली गेला, मुरूमच.

मग जाधव म्हणाले, दुसरा मार्ग आहे. लक्ष्मण ह्या खान्यातून आत उतरेल, मधल्या भिंतीला भोक पाडेल, गाळ इकडं ओढून घेऊ. "अर्ध्या तासाचं काम. जगजाहीर नाही करायचं." लक्ष्मण पँट दुमडायलाच लागला होता.

आता जे लिहायचं ते लिहून ठेवते, नाही तर उद्या मीच विसरल्याचं सोंग करेन. मी होकार दिला. आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर पोस्टर आहे, टाकीत माणूस उतरवू नका, गुन्हा आहे, जीव जातो. मीच चिकटवलंय. गावात सभेत वाचून दाखवलंय. आणि मी म्हणाले, "जपून पण." का? कारण पाच दिवस झाले होते, कंबर मोडली होती आणि मला ते संपायला हवं होतं. बस एवढंच कारण.

आबांनी प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली, झाकणाच्या तोंडाला आडवी टाकली आणि बसले. "माणूस उतरायचा नाय."

जाधव समजावायला लागले. आबा, "चाळीस वरसं टाक्या बांधल्या. एका बी टाकीत माणूस घातला नाय. वर काढलेला माणूस पायलाय म्या एकदा. तू नको शिकवू." मग लक्ष्मणकडं वळून, "लेकरं किती रे तुला?" तो म्हणाला, दोन. "मग पँट खाली कर."

गाडी गेली. आबा दुपारी दोनपर्यंत उन्हात बसून. छत्री धरून मी मागं उभी राहिले.

आज ह्या घरात शहाणं एकच माणूस होतं आणि ते मी नव्हते.

८ एप्रिल, मंगळवार

ड्युटी. पोस्टरकडं बघितलं नाही.

मि.चा मेसेज, तो चौदाला येतोय, जयंतीला. येताना घर बघणाऱ्या एजंटशी बोलून येतो म्हणे. "लिंबाचं ऐकून माझी खात्री पटली."

मला राग मि.चा पण नाही येत. तो लांब आहे, त्याला भीती वाटते, भीती वाटली की तो हिशेबी बोलतो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण लांबच्यालाही धूर दिसतोच.

फोडलेल्या फरशीचा खड्डा पोर्चमध्ये तसाच. आबा येता जाता तिथं थांबतात, पायानं मुरूम लोटतात.

९ एप्रिल, बुधवार

ड्युटीवरून आले तर भाभी भिंतीवरून हाका मारतायत. काल सासूबाईंशी बोलता बोलता लिंबाचा विषय निघाला. त्यांच्या सासू नव्वदीच्या, अंथरुणावर. त्या म्हणाल्या, "हौ, नीम था ना. हमारी हद में, दीवार से लगके. कमरा डाले तब काटे. उसकी छाँव तुम्हारे आँगन में गिरती थी."

लिंब होता.

भाभींच्या मोरीत नेऊन त्यांनी जागा दाखवली. कोपऱ्यात फरशी अजून थोडी उचललेली आहे, खाली खोड कुजतंय म्हणे. मी तिथं उभी राहिले आणि मला हसू यायला लागलं, भाभींना काय झालं कळेना.

आबांना घेऊन आले. परत सात पावलं, आता लिंबाच्या सरळ रेषेत. तरी पोचले सोमवारच्याच खड्ड्याच्या जवळपास. आबा उभे राहिले. खाली बघितलं, मागं भिंतीकडं बघितलं. मग एकदम चिडून म्हणाले, "आरं पाऊल तव्हाचं हाय! आताचं पाऊल कुठं पुरतंय?"

बरोबर. पन्नाशीच्या गवंड्याचं पाऊल आणि आता चप्पल घासत टाकलेलं. आबा पूर्वी कसे चालायचे मला आठवतं, मी लग्नाची नवी, बाजारातून येताना त्यांच्यामागं पळत यायचे. साडी वर खोचली आणि तशी सात ढांगा टाकल्या. खड्ड्याच्या हात-दीड हात पुढं पोचले. भाभी भिंतीवरून, "या अल्ला, गिरेगी!"

पहारीनं ठोकलं. बद्द. बद्द. ठण्ण.

फरशी दोघींनी काढली. सिमेंटचं झाकण, तसंच, त्याच साच्यातलं. आबांनी खाली बसून हात फिरवला. मग नाक पुसलं.

मि.ला लगेच फोन केला. "लिंब होता! आबा बरोबर होते!" तो म्हणाला, "बरं झालं. पण जुनं सगळ्यांनाच आठवतं वंदना. प्रश्न परवाचा आहे."

आनंद पाच मिनिटं टिकला. पाच मिनिटं तरी टिकला.

१० एप्रिल, गुरुवार

महावीर जयंतीची सुट्टी. जाधवांची गाडी सकाळीच. रात्रभर दोन्ही झाकणं उघडी, भोवती खुर्च्या, पाट, दोरी, भाभींची जुनी खाट. आबा पाचलाच उठून राखण करत बसलेले.

गाळ घट्ट, वर साय धरलेली. पाण्याचा फवारा मारून ढवळला, मग पाइप. कुणी आत नाही, कुणी वाकलं नाही. लक्ष्मण आबांना विचारूनच पाइप हलवत होता. दोन खेपा झाल्या. नॅपकिन, पिशव्या, एक चमचा, आणि कशाकशाचे तुकडे निघाले, इथं लिहीत नाही.

शेवटी आबांनी हात वर केला, "बास. तळाला वीतभर राहू दे. समदं धुतलं तर टाकी मरती. इरजण पायजे."

जाधव म्हणाले, "मिस्त्री, हे आमच्या गिऱ्हाइकांना कळत नाय. चकाचक करा म्हणत्यात." आबा खूश. त्या माणसाला चहा, वर स्वतःच्या हातानं बिस्किटं. मग मला, शेणकाला आण म्हणाले. भाभींच्या गल्लीत एक म्हैसवाले आहेत, तिथून बादलीभर शेण आणून कालवून ओतलं.

संडासात पाणी ओतलं. सरळ गेलं. असा आवाज मी आयुष्यात लक्ष देऊन ऐकला नव्हता.

आबा दुपारी तांब्याभर पाणी प्याले. एका दमात.

११ एप्रिल, शुक्रवार

झोप. ड्युटी. झोप.

१२ एप्रिल, शनिवार

आबांचा रुबाब परत आला. पोर्चमध्ये ह्या वेळी फरशी घालायची नाही, झाकण उघडंच राहू दे, गाडी गेली खड्ड्यात, असं मि.ला फोनवर सुनावलं. मि. हसला म्हणे.

मला वाटायला लागलंय की टँकरवालाच खोटं बोलला. चूक त्याची, ढकलली म्हाताऱ्यावर. त्यांचा धंदाच घाईचा, झाकण दिसलं की पाइप टाकला. मि.ला तसं सांगितलंही. म्हणाला, "समोरासमोर बोलू. तू म्हणत असशील तर एजंटला थांबवतो. तू रोज बघतेस त्यांना, तू सांगशील ते धरून चालतो."

म्हणजे आता माझ्या शब्दावर आलं.

१३ एप्रिल, रविवार

उद्याची तयारी. घर पुसलं, दारावर निळ्या पताका. आबांचा पांढरा सदरा इस्त्री केला. दुपारी खिरीसाठी तांदूळ निवडत बसले होते, आबा येऊन समोर बसले. नेहमी खुर्चीवर बसतात, आज खाली. बराच वेळ तांदळात बोटं फिरवत होते.

मग म्हणाले, "पोरी, त्या दिशी म्याच दाखवलं व्हतं."

मी वर बघितलं नाही. हात चालू ठेवला.

"त्यानं इचारलं, बाबा कोणतं? म्या बाहीर आलो. दोन झाकणं. दोन्ही माझीच. आन् मला कळंना. उभा ऱ्हायलो. त्यो म्हणला, बाबा लवकर. त्याचा बाप माझ्या हाताखाली माल कालवायचा. त्याला कसं म्हणू की मला ठावं नाय? एकाला बोट दाखवलं."

"मग?"

"मग आत येऊन बसलो. म्हटलं बरोबर असंल. पाण्याचा आवाज आला, म्हटलं बरोबरच असंल."

लिंब आठवतो, पावलं आठवतात, वीतभर इरजण आठवतं. चार हातांवरचं झाकण नाही. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्यात तशी रीत नाही. सून आणि सासरा. तांदळाची परात मध्ये.

"आणखी काही असं होतं का आबा?"

"कव्हा कव्हा. दाराशी जातो आन् कशाला आलो ते ऱ्हातं." मग एकदम आवाज खाली आणून, "मिलिंदला सांगू नको. त्यो मला त्या लिफ्टपाशी नेऊन बसवील."

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

उपकेंद्रात माझ्यासमोर कुणाची सून असं सांगत आली असती तर मी काय सांगितलं असतं, ते मला पाठ आहे. डॉक्टरला दाखवा, एकटं ठेवू नका, घरात सगळ्यांना कल्पना द्या. तीन वाक्यं. किती सोपी.

१४ एप्रिल, सोमवार

मि. सकाळी आला. सगळे मिळून बुद्धवंदनेला जाऊन आलो. आबा पांढऱ्या सदऱ्यात ताठ. ओळखीचे भेटत होते, प्रत्येकाला जयभीम, प्रत्येकाचं नाव बरोबर. एक सोडून. त्या माणसाशी बोलत राहिले आणि तो गेल्यावर माझ्याकडं बघितलं, मी हळूच नाव सांगितलं. मि.नं बघितलं नाही.

दुपारी पंगत. भाभींकडं खिरीचा डबा दिला. आबांचं जेवण चांगलं चाललं होतं, दोन पुऱ्या जास्त. मि.चं पोर्चमधलं उघडं झाकण बघून झालं होतं, लिंबाची गोष्ट परत एकदा आबांच्या तोंडून ऐकून झाली होती. हसत होता. मग पाणी पिता पिता मला विचारलं, सरळ, आबांच्या समोरच, "मग शेवटी काय ठरलं? टँकरवाल्यानं टाकलं की आबांनी दाखवलं?"

आबांनी घास ताटात ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही. ताटाकडंच.

मी म्हणाले, "टँकरवाल्याचीच चूक. कबूल झाला तो."

वर एवढं जोडलं, कबूल झाला. खोटं बोलायचं तर पक्कं बोलायचं, ही अक्कल कुठून आली कोण जाणे.

मि.चा चेहरा सैल झाला. इतका सैल की मला भरून आलं. त्यालाही हेच ऐकायचं होतं. "उगाच घाबरवलंस मला. एजंटला नको म्हणून सांगतो." आबांच्या पाठीवर थाप मारली. आबा म्हणाले, "खीर वाढ गं." आवाज नेहमीसारखा नव्हता.

चारच्या गाडीनं मि. गेला. निघताना गेटात मला म्हणाला, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही."

आबा आत झोपलेत. हौदात वीतभर पाणी, नळाचा पत्ता नाही. टँकरवाल्याला फोन केला, पाचनंतर ये म्हटलं. "ताई, उद्या एकच खेप हाय, बाराची. पायजे तर सांगा, नाय तर शनिवार." घेते म्हणाले. पाण्याशिवाय शनिवारपर्यंत कसं काढणार.

माझी एकच रजा शिल्लक आहे. उद्या टाकली तर पुढच्या टँकरला काय टाकू.

स्कूटीची किल्ली आणि रजेचा अर्ज, दोन्ही टेबलावर आहेत. अर्जावर तारीख घातलेली नाही.